रजिस्टरातलं शून्य : उत्तर नागपुरातल्या एका मंडळीचं प्रकरण

२०२४ च्या जानेवारीत आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीपुढे दोन ओळींचा ठराव आला. सध्याच्या पाळकसाहेबांच्या (पाद्रींच्या) काळात मंडळीची वाढ खुंटली आहे, सबब त्यांची बदली व्हावी अशी विनंती वरिष्ठांना करावी. कमिटी नऊ जणांची, आणि मी तिची सेक्रेटरी. ठरावावर लगेच मत घ्यायचं नाही, आधी सेक्रेटरीबाईंनी पाळकसाहेबांच्या कामाचा लेखी अहवाल द्यावा, असं ठरलं. मला एक महिना मिळाला.

त्या महिन्यात काय सापडलं आणि पुढे काय झालं, ते इथे मांडते आहे. असा प्रश्न अनेक मंडळ्यांत येतो आणि तो बहुधा रविवारच्या उपासनेनंतर गेटपाशी, चहाच्या कपावर निकालात निघतो. आमचाही तसाच निघाला असता. मंडळीचं नाव आणि माणसांची नावं मात्र देत नाही, त्यांची गरजही नाही.

आमची मंडळी जुनी आहे. मेकोसाबाग ते जरीपटका या पट्ट्यात राहणारी घरं, निम्मी रेल्वे आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. (मेकोसाबाग हे नाव एका मिशनच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं, हे आता आमच्याच पोरांना माहीत नसतं.) उपासना मराठीत, गाणी पेटीवर. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्या दिवशीची गर्दी लहानपणी पाहिलेले दोघे आमच्यात अजून आहेत. त्यांच्या मनात ‘मंडळी भरली’ या शब्दांचं माप तिथलं आहे. एवढ्या मापाशी ताडून पाहिलं तर कुठलाच रविवार भरलेला वाटणार नाही.

पाळकसाहेब २०१८ च्या जूनमध्ये आले. वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं कमी, संदेश (रविवारचं प्रवचन) साधा. खरं सांगायचं तर कित्येक रविवारी तो संदेश तयारीविना दिलेला वाटे. २०२२ मध्ये कोराडी रोडच्या बाजूला एका हॉलमध्ये नवी संगती, म्हणजे उपासनेसाठी जमणारा वेगळा गट, सुरू झाली. तिथे ड्रम, गिटार, पडद्यावर गाण्याचे शब्द, नंतर नाश्ता. आमची काही घरं तिकडे जाऊ लागली, आणि कमिटीतली कुजबुज तेव्हापासून वाढली. “पोरं जाऊन राहिली ना बाई, अन् हे साहेब मेडिकलमध्ये बसून राहतात,” असं एका सभासदांनी मला माझ्याच फाटकात उभं राहून सांगितलं होतं. (मेडिकल म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय.) मी मान डोलावली होती.

मी ३२ वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. अहवाल लिहायचा म्हटल्यावर माझा हात आधी आकड्यांकडे गेला. उपस्थितीचं रजिस्टर, बाप्तिस्म्याचं आणि दृढीकरणाचं रजिस्टर, दानाची वही. २०१८ च्या उत्तरार्धात रविवारची सरासरी उपस्थिती ११८ होती, २०२३ मध्ये ७४. बाप्तिस्मे कमी, तेही सगळे घरच्या बाळांचे. दान आकड्यात थोडं वाढलेलं, महागाई धरली तर घटलेलं. अहवाल एका पानात संपला असता आणि ठराव मंजूर झाला असता.

मला थांबवलं ते एका शून्याने. एप्रिल २०२१ च्या शेवटच्या तीन रविवारांसमोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : उपस्थिती ०. तेव्हा राज्यभर प्रार्थनास्थळं बंद होती, ती सात ऑक्टोबरला उघडली. सरासरी काढताना हे महिने वगळायचे, एवढंच मी ठरवलं होतं. मग सहज अंत्यविधीची नोंदवही उघडली. त्याच एप्रिलमध्ये पाळकसाहेबांनी सहा अंत्यविधी केले होते. त्या दिवसांत नागपुरात रुग्णालयात खाट मिळत नव्हती, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फिरत होते. सहापैकी एक माझी मोठी बहीण. कब्रस्तानात आम्ही चौघं होतो, पाळकसाहेब पाचवे. प्रार्थना झाली, त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या घरी गेले. हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि तरी रजिस्टरात त्या महिन्यासमोर शून्य लिहून मोकळी झाले होते.

शून्य खोटं नव्हतं, उपासनेला खरोखर कोणी नव्हतं. पण त्या रकान्यात मावत नाही असं काम त्या महिन्यात झालं होतं, आणि मी फक्त रकाना वाचत होते. म्हणून मी आकडे बाजूला ठेवून नावं काढायला बसले. पूर्वी येत असत आणि आता येत नाहीत असे कोण? आठवून, फोन करून, जुन्या नाताळच्या यादीवरून ताडून ५१ नावं निघाली. मधल्या काळात काही नवे आले असल्याने उपस्थितीतला फरक ४४ चाच दिसत होता.

५१ पैकी १३ जण वारले होते. १६ जण नोकरी, शिक्षण किंवा लग्नामुळे पुणे, हैदराबाद, बंगळुरूला गेले होते. आठ जण बेसा, बेलतरोडी, वर्धा रोड अशा लांबच्या भागात राहायला गेले आणि तिथल्या जवळच्या मंडळीत जाऊ लागले. म्हणजे ३७ जणांच्या न येण्याशी पाळकसाहेबांच्या संदेशाचा किंवा पेटीचा काही संबंध नव्हता. उरले १४. त्यातले नऊ नव्या संगतीत गेलेले, आणि पाच जण कुठेच न गेलेले. ते घरीच होते.

आमच्या कमिटीत सहा महिने ‘लोक गेले, लोक गेले’ एवढीच चर्चा चालली होती. कोण गेले, हे कोणीच विचारलं नव्हतं.

मी या चौदा जणांकडे गेले. नऊ जणांकडे जाताना ड्रम-गिटारचं नाव ऐकू येईल अशी माझी खात्री होती. एकानेच ते काढलं. एका आईने सांगितलं, “पोराच्या बारावीच्या वेळी तिथं कोणीतरी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. आपल्याकडे ‘सर्व विद्यार्थ्यांसाठी’ होते.” अभियांत्रिकी शिकलेल्या एका मुलीचं बोलणं मला जास्त लागलं. तिने तीन वेळा पाळकसाहेबांना एक प्रश्न विचारला होता, देव चांगला असेल तर तिचे वडील कोरोनात का गेले असा. तिन्ही वेळा “नंतर बसू” असं उत्तर मिळालं. “नंतर आलंच नाही, मावशी. ते वाईट नाहीत. त्यांना वेळ फक्त आजारी माणसांसाठी असतो.” तिचे वडील त्या सहापैकी एक होते. त्यांचा अंत्यविधी पाळकसाहेबांनीच केला होता.

घरी बसलेल्या पाच जणांपैकी एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहणारे. गुडघे गेले आहेत, पायऱ्या चढवत नाहीत. त्यांच्याकडे दीड वर्षात मंडळीचं कोणी फिरकलं नव्हतं. पाळकसाहेब नाहीत, कमिटी नाही, मीही नाही. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) कधी घेतलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं.

आता मेडिकलबद्दल. नागपूरचं मेडिकल म्हणजे गडचिरोली, भंडारा, गोंदियापासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतच्या गरिबांचं शेवटचं ठिकाण. पेशंट वॉर्डात असतो आणि नातेवाईक व्हरांड्यात, जिन्याखाली, चटईवर. पाळकसाहेब दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे जात. कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा ते सांगत, रक्ताच्या बाटलीसाठी ओळखीच्यांना फोन लावत, रांगेत उभे राहत. कोणी सांगितलं तर प्रार्थना करत, पत्रकं वाटत नसत. कमिटीत हाच आक्षेप होता : पत्रकं नाहीत, सुवार्ता नाही, बाप्तिस्मा नाही, मग ही सेवा कसली?

त्याचं उत्तर मला २०२३ च्या नाताळच्या आठवड्यात मिळालं होतं, पण तेव्हा समजलं नव्हतं. पांढुर्ण्याकडचा एक शेतकरी पिशवीभर संत्री घेऊन चर्चच्या दारात आला. पाळकसाहेबांनी त्याला कधीतरी औषधासाठी ६०० रुपये दिले होते, ते परत करायचे होते. त्याची बायको मेडिकलमध्येच वारली होती. पाळकसाहेब नव्हते म्हणून पैसे त्याने माझ्याकडे दिले आणि म्हणाला, “ते होते म्हणून मी एकटा नव्हतो.” तो ख्रिस्ती नव्हता, झाला नाही, होईल असंही नाही. मी ६०० रुपयांची पावती फाडली आणि दानाच्या वहीत ‘इतर’ म्हणून लिहिले.

फेब्रुवारीतल्या बैठकीत मी अहवाल वाचला. त्यात दोन्ही बाजू होत्या, आणि मला वाटलं होतं की आता वाद पाळकसाहेबांच्या बाजूने झुकेल. तसं झालंही. पाळकसाहेबांचे कैवारी उठले आणि एकाने स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचं उदाहरण दिलं. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. इथले दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा त्यांनी गोळा केल्या, शाळा चालवली. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटच्या शिळावर्तुळांचं काम पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. वय ४५. त्यांची गोंडांवरची टिपणं १८६६ मध्ये, त्यांच्यामागे छापली गेली. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं, म्हणजे मृत्यूनंतर वीस वर्षांनी. “हिस्लॉप गेले त्या साली कमिटी बसली असती तर तिनेही बदलीचाच ठराव केला असता,” असं ते म्हणाले. दुसऱ्याने कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट काढली. १८९३ च्या सुमाराला नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परदेशी प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने त्या दिवशी आपल्या वहीत काय लिहिलं असेल?

टाळ्या पडल्या. मलाही ते आवडलं, पण घरी येताना खटकत राहिलं. या दोन्ही गोष्टींत शेवटी यश आहेच : कॉलेज आहे, कवी आहे. आपण म्हणतो की फळ मोजू नका, आणि उदाहरण मात्र फळ लागलेल्याच झाडाचं देतो, फक्त उशिरा लागलेल्या. मग जिथे कधीच काही लागलं नाही तिथे काय म्हणायचं? बायबलमधला संदेष्टा यिर्मया तेवीस वर्षं बोलत राहिला आणि तुम्ही ऐकलं नाही असं स्वतःच सांगतो. त्याच्या डोळ्यांसमोर यरुशलेम पडलं. त्याच्या नावाने नंतर काही उभं राहिलं म्हणून तो खरा ठरत नाही, जे सांगायला पाठवलं होतं ते त्याने सांगितलं म्हणून तो खरा आहे. पांढुर्ण्याच्या त्या शेतकऱ्याचा मुलगा पुढे कोणी मोठा सेवक झाला असं जर आम्हाला कळलं, तरच त्या व्हरांड्यातल्या बसण्याला किंमत येणार का? माझ्या मनात याचं उत्तर ‘नाही’ असं होतं, आणि ते मला पुढच्या बैठकीत बोलायचं होतं.

पण त्याआधी पाळकसाहेबच बोलले. अहवाल वाचला गेला तेव्हा ते मुद्दाम बाहेर थांबले होते. नंतर त्यांनी तो मागून घेतला आणि मार्चच्या बैठकीत पाच मिनिटं मागितली.

“बाई, तुम्ही मला सांभाळून घेतलं, आभारी आहे. पण मला ‘विश्वासू’ म्हणून सोडून देऊ नका. मेडिकलमध्ये मी विश्वासू राहिलो असेन. ते मला जमतं, तिथे मला बरं वाटतं. त्या मुलीच्या प्रश्नाची मला भीती वाटत होती. तिच्या वडिलांना माती देताना मलाच तो पडला होता. म्हणून ‘नंतर बसू’ म्हटलं. ते अपयश नव्हतं. तिथे मी विश्वासू नव्हतो.”

बराच वेळ कोणी बोललं नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. तोवर आमच्या डोक्यात दोन तागड्या होत्या. एकीत यश, म्हणजे आकडे, आणि दुसरीत विश्वासूपणा, म्हणजे आकडे नसले तरी चालतं असं काहीतरी. बदली हवी असलेले पहिलीत वजन टाकत होते, आम्ही दुसरीत. विश्वासूपणा ही हरलेल्याला द्यायची सांत्वनाची ढाल झाली होती. येशूच्या रुपयांच्या दाखल्यात धनी तीन चाकरांकडे पैसे सोपवून जातो. परत आल्यावर पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला तो शब्दशः एकच शाबासकी देतो, हे आम्ही किती वेळा ऐकलं आहे. पण तिसरा चाकर? त्याने काही हरवलं नव्हतं. पैसे जसेच्या तसे परत आणले. त्याच्या हिशेबी तो अगदी प्रामाणिक होता. त्याने ते पुरले होते, कारण तो भ्याला होता. त्याला धनी आळशी म्हणतो. म्हणजे विश्वासूपणाचीही तपासणी होते, आणि ती उपस्थितीच्या रजिस्टरापेक्षा कडक असते. आकडा कमी असला म्हणून माणूस अविश्वासू ठरत नाही, तसाच तो त्यामुळे विश्वासूही ठरत नाही.

ही तपासणी आम्हा नऊ जणांची केली तर? दोन गल्ल्यांवरच्या त्या रेल्वेवाल्या भाऊंकडे जायला पाळकाची दीक्षा लागत नाही.

आकड्यांना मी दोष देत नाही. गणिताची शिक्षिका आहे, आणि येशूच्या गोष्टीतलं हरवलेलं मेंढरू शंभरावं आहे हे कळायला नव्व्याण्णव मोजावी लागतात. पण त्या मेंढपाळाने मोजलं ते शोधायला निघण्यासाठी. आम्ही मोजलं ते ठराव लिहिण्यासाठी. बायबलातल्या लूकच्या दहाव्या अध्यायात येशूने पाठवलेले सत्तर जण आनंदाने परत येऊन आपलं काम सांगतात. तो त्यांचा वार्षिक अहवालच म्हणा. येशू त्यांना सांगतो की यात आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत यात माना. मला तिथे ‘नावं’ हा शब्द त्या महिन्यानंतर पहिल्यांदा नीट दिसला.

मार्चच्या बैठकीत ठराव मताला टाकला. बाजूने चार, विरुद्ध पाच. ठराव पडला, पण मोकळा सोडला नाही. लूकच्या तेराव्या अध्यायातला माळी अंजिराच्या झाडासाठी एक वर्ष मागतो. झाड चांगलं आहे असं तो म्हणत नाही. खणतो, खत घालतो, नाही आलं फळ तर तोडा म्हणतो. पाळकसाहेबांनी तेच मागितलं, एक वर्ष. शुक्रवारचं मेडिकल बंद करून शनिवारची संध्याकाळ तरुणांना द्यायची. घरी बसलेल्या पाच जणांना महिन्यातून एकदा घरी प्रभुभोजन. आणि कमिटीतल्या प्रत्येकाने सहा-सहा घरं वाटून घ्यायची. ही शेवटची अट त्यांनी घातली. त्यावर ठरावाच्या बाजूच्या एकांनी राजीनामा दिला. ते आता दुसऱ्या मंडळीत जातात. भेटल्यावर “सलाम बाई” म्हणतात, आणि मला अजून वाटतं की त्यांना थांबवायला हवं होतं. त्यांची काळजी खरी होती, गळक्या छताचा खर्च त्यांनीच दोनदा स्वतःच्या खिशातून भागवला होता.

वर्षानंतरची स्थिती जशी आहे तशी सांगते. सरासरी उपस्थिती ७१, म्हणजे आणखी तीनने कमी. शनिवारच्या संगतीला सहा ते नऊ तरुण येत. तिथे आधी प्रश्न आणि मग वचन, असा नियम त्यांनीच केला. नव्या संगतीत गेलेल्या नऊपैकी एक घर परत आलं, ते बारावीच्या मुलाचं. पाळकसाहेब त्या मुलीच्या घरी गेले. दोन तास बसले, मी सोबत होते. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही, कारण त्यांच्याकडे ते नव्हतं. तिच्या वडिलांना माती देताना त्यांना काय वाटलं होतं, ते सांगितलं. ती रडली, तिच्या आईने चहा केला. ती परत आली नाही, कोराडी रोडलाच जाते. घरी जाताना मी म्हटलं, “एवढं करून गेलीच ती.” ते म्हणाले, “जाऊ द्या बाई, ती प्रभूकडेच आहे ना. माझं देणं होतं, ते दिलं.”

२०२५ च्या मेमध्ये त्यांची बदली झाली, नेहमीच्या पाळीप्रमाणे, आमच्या विनंतीवरून नाही. वरून आलेल्या वार्षिक अहवालाच्या छापील कागदावर ‘सदस्यसंख्येतील वाढ / घट’ असा रकाना असतो. मी तिथे ‘घट ३’ लिहिलं आणि मागे कोरा कागद जोडून त्या तिघांची नावं लिहिली. दोघी वारल्या होत्या, एकाला नाशिकला नोकरी लागली होती.

नवे पाळकसाहेब तरुण आहेत, संदेश फार चांगला देतात. मेडिकलला जाणं त्यांच्यावर लादायचं नाही असं कमिटीने ठरवलं. मंगळवारी आम्ही तिघं जातो. मला खिडक्यांचे नंबर अजून पाठ झालेले नाहीत. मागच्या आठवड्यात जिन्याखाली बसलेल्या एका बाईला मी चुकीच्या रांगेत पाऊण तास उभं केलं, मग बरोबर रांगेत तिच्यासोबत उभी राहिले. तोवर खिडकी बंद झाली होती. आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत आलो.